चार झाडे, भरपूर फुले आणि पोचट शेंगा : परभणीतील एका परसबागेतील काळ्या मोहरीचे प्रकरण

परिस्थिती

परभणी शहरात माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. घराच्या मागे सुमारे तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अशी मोकळी जागा असून तिथे वहिनी गेली वीसेक वर्षे मेथी, शेपू, पालक, वांगी, घेवडा अशी परसबाग सांभाळत आल्या आहेत. जमीन मराठवाड्यात सर्वत्र दिसते तशी भारी काळी आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि मार्चनंतर तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) 8.2 निघाला आणि चुनखडीचे प्रमाणही बरेच आढळले. पाणी बोअरचे आहे, तेही जड. बादलीच्या कडेला त्याचा पांढरा थर बसतो.

2022 च्या दिवाळीनंतर दादा आणि वहिनी काशीयात्रेला गेले. ज्यांच्या घरी त्यांचा मुक्काम होता तेथील वृद्ध गृहिणीने निरोप देताना आपल्या अंगणातील झाडाचे बी कागदाच्या पुडीत बांधून वहिनींच्या हाती ठेवले आणि ही ‘बनारसी राई’ आहे, फोडणीला आणि लोणच्याला उत्तम, असे सांगितले. परत आल्यावर, नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, वहिनींनी सहा फूट लांब व तीन फूट रुंद असे दोन वाफे शेजारी शेजारी केले. एकात नेहमीच्या किराणा दुकानातील राई आणि दुसऱ्यात काशीचे बी, अशी पेरणी त्यांनी एकाच दिवशी केली. शेणखत तेच, पाणी तेच आणि ऊनही तेच होते. हे प्रकरण पुढे उलगडले ते मुख्यतः या समानतेमुळे, त्यामुळे वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

दुकानातील राई चांगली उगवली. विरळणी करून चाळीसेक रोपे ठेवली, जानेवारीत ती फुलली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात कापून, सुपात पाखडून सुमारे पाव किलो दाणा घरात आला. काशीच्या बियांचे चित्र अगदी निराळे होते. उगवण तुरळक झाली. पाणी दिल्यावर काळ्या मातीवर जी खपली धरते, तिच्याखाली बरेचसे अंकुर अडकून गेले असावेत. जी रोपे वर आली त्यांतील काहींची कोवळी पाने पिसू भुंग्यांनी चाळणीसारखी करून टाकली. उरलेल्या सात रोपांपैकी ही झाडे जोमदार दिसतात, म्हणून अंतर मोठे हवे, या विचाराने वहिनींनी तीन उपटली आणि चार ठेवली. त्या चार झाडांनी मात्र पाहणाऱ्याला थक्क करील अशी वाढ केली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला.

“भाऊजी, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. फुलं तर निस्ती पिवळीधमक. पण शेंगात दाणाच नाही बघा, समद्या पोचट. तुम्ही बियाण्याचं काम केलंय ना इतकी वर्षं? मग येऊन सांगा काय झालंय ते.”

बियाणे उत्पादनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत हे खरे; परंतु दूरध्वनीवरून निदान करण्याचे धाडस मी कधीच केलेले नाही. पुढच्या रविवारी मी परभणीला गेलो.

पहिल्या शंका

घरात तोपर्यंत प्रत्येकाने आपापले कारण निश्चित केले होते. दादांच्या मते पाणी खारट होते, शेजाऱ्यांच्या मते मावा पडला होता आणि औषध मारणे हाच उपाय होता, पुतण्याच्या मते शहरात मधमाश्याच राहिलेल्या नव्हत्या. आमच्या आईने बागेची दृष्ट काढावी असे सुचविले. मात्र दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी काढायची असते आणि इथे दृष्ट मोहरीलाच लागलेली, तेव्हा हा विधी कसा करावा यावर घरात चांगली अर्धा तास चर्चा झाल्याचे मला सांगण्यात आले.

या शंका एकेक करून तपासणे आवश्यक होते. पाणी आणि माती दोष देण्याजोगी असती तर शेजारच्या वाफ्यातील राईनेही तो दोष दाखवला असता, पण तिच्या शेंगा भरलेल्या होत्या. मावा होताच. जानेवारीतील ढगाळ दिवसांत तो शेंड्यांवर बसला होता, वहिनींनी निंबोळी अर्क संध्याकाळच्या वेळी दोनदा फवारला होता आणि बराचसा मावा आटोक्यात आला होता. शिवाय मावा दोन्ही वाफ्यांवर होता, किंबहुना राईवर जास्त होता. मधमाश्यांची शंका तर मी तिथे उभा असतानाच निकालात निघाली, कारण सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या चार झाडांवर माश्यांचा अक्षरशः घोंघाट चालू होता. शेणाची स्लरी वहिनींनी सढळ हाताने दिली होती. जास्त नत्राने पालेवाढ होते आणि फुलोरा लांबतो, त्यामुळे झाडांच्या उंचीत तिचा काही वाटा असेल. परंतु फूल आल्यानंतर शेंग पोचट राहण्याचे स्पष्टीकरण तेवढ्याने होत नव्हते.

एक शंका मात्र सहज झटकून टाकण्यासारखी नव्हती. पेरणी उशिरा झाली होती. मोहरीवर्गीय पिकांना फुलोऱ्याच्या काळात थंडी मानवते. तापमान चढले की परागकणांची जीवनशक्ती घटते आणि फुले गळतात. राई लवकर फुलली म्हणून तिला जानेवारीचा गारवा मिळाला, काशीची झाडे उशिरा फुलली म्हणून ती फेब्रुवारीच्या वाढत्या उन्हात सापडली, अशी मांडणी करता येत होती आणि ती मलाही बराच वेळ पटली होती. दोन वाफ्यांतील फरक एवढाच असता तर हे प्रकरण तिथेच संपले असते आणि मी पुढच्या वर्षी लवकर पेरा एवढे सांगून घरी परतलो असतो.

ओळख

निघण्यापूर्वी दोन्ही वाफ्यांतील एकेक फांदी तोडून मी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि तेव्हा प्रथमच लक्षात आले की आपण सगळे दोन वेगळ्या वनस्पतींना एकाच नावाने हाक मारत आहोत.

आपल्याकडे दुकानात ‘काळी मोहरी’, ‘बारीक मोहरी’, ‘राई’ ही नावे दाण्याचा रंग आणि आकार पाहून सरसकट वापरली जातात. मराठवाड्याच्या बाजारात येणारी मोहरी मुख्यतः राजस्थान व उत्तरेकडील राज्यांतून येते आणि ती बहुतांशी ब्रासिका जुन्सिया, म्हणजे शेतीशास्त्रात जिला भारतीय मोहरी किंवा राई म्हणतात ती असते. तिचा दाणा तपकिरी ते काळपट असतो. खरी काळी मोहरी, ब्रासिका नायग्रा, ही निराळी प्रजाती आहे आणि उत्तरेत तिला बनारसी राई असे नाव आहे. काशीच्या त्या गृहिणीने नाव अचूक सांगितले होते. त्या नावाचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला.

फांद्या जवळून पाहिल्या की फरक उघड होतो. राईच्या शेंगा तीन ते पाच सेंटीमीटर लांब, टोकाला बऱ्यापैकी लांब चोच असलेल्या आणि दांड्यापासून बाहेर फाकलेल्या असतात. काळ्या मोहरीची शेंग एक ते दोन सेंटीमीटरच भरते, ती काहीशी चौकोनी, आखूड चोचीची आणि दांड्याला अंग चिकटवून सरळ उभी राहते, जणू वेणीत खोवल्यासारखी. खालची पाने मोठी, तळाशी कातरलेली व केसाळ असतात, तर वरची अरुंद पाने देठासहित असतात. हा शेवटचा मुद्दा सरसूपासून, म्हणजे तेलासाठी पिकवल्या जाणाऱ्या आणखी एका मोहरीपासून, वेगळी ओळख पटवायला फार उपयोगी पडतो, कारण सरसूची वरची पाने देठाशिवाय थेट खोडाला मिठी मारतात.

वहिनींनी माझ्या या पाने-शेंगांच्या तपासणीला स्वयंपाकघरातील तपासणी जोडली. पुडीत उरलेले चमचाभर काशीचे बी आणि दुकानातील तेवढीच राई त्यांनी वेगवेगळ्या वाट्यांत वाटून, थंड पाण्याचे थेंब टाकत फेसली. दोन्ही मोहऱ्या चांगल्या चढल्या आणि दोन्हींनी नाकातून पाणी काढले. त्यामुळे फरक काहीच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु तो तेवढ्यापुरता योग्य असूनही ओळखीच्या कामाचा नव्हता. दोन्ही प्रजातींच्या दाण्यांत सिनिग्रिन हे तिखटपणाला जबाबदार असे संयुग असते. दाणा फुटून पाणी लागले की त्याच दाण्यातील मायरोसिनेज हे विकर त्यावर काम करते आणि नाकात जाणारे झणझणीत तेल तयार होते. तापलेल्या तेलात हे विकर निकामी होते, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते पण चढत नाही. चवीवरून या दोघींना वेगळे करता येत नाही, याचे कारण त्यांच्या नात्यात आहे.

ते नाते 1935 साली जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू ऊ या वनस्पतीशास्त्रज्ञाने स्पष्ट केले. काळ्या मोहरीत गुणसूत्रांच्या 8 जोड्या असतात, सरसू-तोरिया ज्या प्रजातीत मोडतात त्या ब्रासिका रापामध्ये 10, आणि या दोघींच्या नैसर्गिक संकरातून जन्मलेल्या राईत त्यांची बेरीज, म्हणजे 18. थोडक्यात, शेजारच्या वाफ्यातील राई ही काळ्या मोहरीची लेक होती. लेकीने आईचा तिखटपणा घेतला. पण एका बाबतीत ती आईच्या वळणावर गेली नाही आणि आमच्या पोचट शेंगांचे मूळ तिथेच होते.

राईचे फूल स्वतःच्या परागावर फळते. एकटे झाड असले तरी त्याला दाणा धरतो. काळी मोहरी मात्र स्वतःचा पराग स्वीकारत नाही. फुलाच्या कुक्षीवर पडलेला पराग आपल्याच झाडाचा किंवा त्याच जनुकीय खुणेच्या दुसऱ्या झाडाचा आहे हे ती ओळखते आणि त्याला रुजू देत नाही. तिला दाणा धरायचा तर पराग वेगळ्या खुणेच्या झाडावरून यावा लागतो. वहिनींच्या वाफ्यात झाडे चारच होती आणि ती चारही एका अंगणातील, बहुधा एक-दोन झाडांच्या बियांपासून आलेली, म्हणजे सख्खी किंवा सावत्र भावंडे होती. माश्या दिवसभर पराग वाहत होत्या, पण तो नात्यातल्या नात्यात फिरत होता. राईच्या वाफ्यावरून येणारा पराग प्रजातीच निराळी असल्याने जवळपास निरुपयोगी होता.

छोटा प्रयोग

हे सर्व पटण्यासारखे असले तरी उन्हाची शंका शिल्लक होती आणि ती शिल्लक ठेवून निदान जाहीर करणे मला योग्य वाटले नाही. सुदैवाने फुलोरा अजून संपला नव्हता. मी मुक्काम वाढवला. चारही झाडांना सुतळीने क्रमांक बांधले, प्रत्येक झाडाच्या तीन-तीन डहाळ्या निवडल्या, त्यांवरील उमललेली फुले खुडून टाकली आणि उद्या उमलतील अशा कळ्या ठेवून वहिनींनी जुन्या मलमलीच्या शिवलेल्या पिशव्या त्यांवर चढवल्या. माश्यांना तिथे आता प्रवेश नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तीन सकाळी, फुले उमलली की, पहिल्या डहाळीला काहीही केले नाही, दुसऱ्या डहाळीच्या फुलांना त्याच झाडाचा पराग आणि तिसऱ्या डहाळीच्या फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग मुलांच्या रंगपेटीतील बारीक कुंचल्याने लावला. एका जादा डहाळीवर राईचाही पराग लावून पाहिला.

तीन आठवड्यांनी वहिनींनी मोजदाद करून कळवली. काहीही न केलेल्या डहाळ्यांवर भरलेली शेंग एकही नव्हती. स्वतःचा पराग लावलेल्या डहाळ्यांवर चारही झाडे मिळून दोन शेंगा, त्याही अर्धवट. राईचा पराग लावलेल्या फुलांच्या शेंगा आखडून गळल्या. दुसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या परस्पर संकरातील वीस फुलांपैकी तेरांना मात्र टणक, दाणेदार शेंगा लागल्या होत्या. पहिल्या व तिसऱ्या झाडात केलेला संकर जवळजवळ पूर्ण फसला. मला या फसलेल्या संकराचेच अधिक समाधान वाटले, कारण एकाच खुणेची भावंडे एकमेकांना नाकारतात हे त्याने कोणत्याही पुस्तकाहून स्वच्छ दाखवले. या सगळ्या डहाळ्या त्याच उन्हात होत्या. उन्हाने शेंगा कमी भरल्या असतील, परंतु उन्हामुळेच दाणा धरत नव्हता असे आता म्हणता येत नव्हते.

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. तीन रोपे उपटून चार ठेवण्याचा वहिनींचा निर्णय राईच्या अनुभवावर आधारलेला होता आणि राईच्या हिशेबाने तो अगदी बरोबर होता. मोठ्या झाडाला मोठी जागा, हे कोणीही सांगेल. त्यामुळे त्यांना चुकीचे ठरवणाऱ्या दादांशी मी सहमत झालो नाही, आणि त्यावरून त्या दिवशी जेवताना थोडी बोलाचालीही झाली.

दुसरा हंगाम

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टींची तजवीज करायची होती : वेगळ्या रक्ताचे बी आणि जास्त झाडे. संकरातील तेरा शेंगांचे दाणे जपून ठेवले होतेच. काशीला जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून दुसऱ्या वस्तीतील दोन निरनिराळ्या घरांच्या अंगणांतले बी मागवले. ही तिन्ही बियाणी वहिनींनी एकत्र मिसळली.

2023 मध्ये कोजागरीच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. ग्रहण सुटून घर धुऊन-पुसून झाल्यावर, 30 ऑक्टोबरला पेरणी झाली, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा तीन आठवड्यांहून अधिक आधी. वाफ्यात पंधरा दिवस अगोदर दोन ओंजळी जिप्सम मिसळले होते. मोहरीच्या तिखटपणाला आणि तेलाला गंधक लागते आणि जिप्सममधून ते मिळते. बी बारीक असल्याने ते कोरड्या वाळूत मिसळून जेमतेम अर्धा इंच खोल टाकले आणि वरून काळी माती न ओढता चाळलेले गांडूळखत पसरले, त्यामुळे खपली धरण्याचा प्रश्न आला नाही. सोटमूळ सरळ खाली जाणारे असल्याने रोपे उपटून दुसरीकडे लावण्याचा मोह टाळला. विरळणीनंतर फुटाफुटावर बावीस झाडे ठेवली. ती एका रांगेत न ठेवता चौकोनात ठेवली, म्हणजे माशी कुठल्याही फुलावरून उडाली तरी पुढचे फूल बहुधा दुसऱ्या झाडाचे असेल.

नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने वाफा झोडपला. कोवळी झाडे आडवी झाली, त्यांना तुराट्या रोवून उभे केले. खालच्या पानांवर करप्याचे ठिपके आले ती पाने खुडून जाळली. तीन झाडे गेली. माव्यासाठी या खेपेस फवारणी जवळजवळ केलीच नाही, फक्त चिकट झालेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले. काही शेंड्यांवर फुगलेला, तांबूस-भुरकट, हलत नसलेला मावा दिसत होता. वहिनी तो चिरडायला निघाल्या तेव्हा मी थांबवले, कारण तो मेलेला मावा असतो आणि त्याच्या पोटात माव्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी वाढत असते.

फुलोरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला आणि जानेवारीच्या थंडीत चालला. शेंगा दांड्याला ओळीने चिकटून भरत गेल्या. एकोणीस झाडांपैकी सतरांना दाणा चांगला धरला. उरलेल्या दोघांचे कारण मी शोधले नाही.

काढणीत मात्र मी स्वतः चुकलो. राईप्रमाणे बहुतेक शेंगा पिवळ्या पडेपर्यंत थांबा, असे मी सांगून ठेवले होते. काळ्या मोहरीच्या शेंगा खालून वर पिकत जातात आणि पिकलेली शेंग फार थांबत नाही; तडकते आणि दाणा मातीत जातो. युरोपात यंत्राने काढणी सुरू झाल्यावर, गेल्या शतकाच्या मध्यापासून, मसाल्याच्या मोहरीच्या शेतीतून ही प्रजाती मागे पडून राई पुढे आली ती तिच्या उंचीमुळे आणि या तडकण्यामुळेच, हे मला ठाऊक होते, तरीही ते वेळेवर आठवले नाही. वहिनींनी एका दुपारी वाफ्यातून चालताना पदराला शेंगा लागून फुटल्याचा आवाज ऐकला आणि माझ्या सल्ल्याची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी पहाटे, दव असताना, सगळ्या फांद्या कापून जुन्या उशीच्या अभ्र्यांत उलट्या टांगल्या. आठवडाभरात दाणे अभ्र्यातच गळले. पाखडून, वाळवून वजन केले तेव्हा सुमारे 180 ग्रॅम भरले. आधी मातीत गेले ते वेगळे. राईच्या तुलनेत हे उत्पन्न कमीच आहे आणि केवळ फोडणीची सोय पाहणाऱ्याने परसात राईच लावावी, असे माझे मत आहे.

मातीत गेलेल्या दाण्यांनी आपला हिशेब जूनमध्ये दाखवला. पहिल्या पावसानंतर भेंडीच्या सरीत काळ्या मोहरीची रोपे दाटीने उगवली आणि खुरपणीत ती काढावी लागली; हे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते, तेव्हा पुढील काही पावसाळे ही खुरपणी चालू राहील. वहिनींनी त्यातील कोवळी पाने मात्र वाया घालवली नाहीत, डाळीत घातली.

त्या वर्षीच्या कैरीच्या लोणच्यात दुकानातलीच राई पडली. काशीच्या मोहरीतील दोन चमचे फेसून आईला चाखायला दिले, आणि बाकीचे बी राख लावून काचेच्या बरणीत ठेवले आहे. बरणीवरच्या कागदावर वहिनींनी लिहिले आहे : “काळी मोहरी. वीसच्या खाली झाडं ठेवायची नाहीत.”